कोर्सची फी भरण्याआधी तासभर स्टोअरच्या खिडकीशी बसा

मॅडम, तुम्ही लिहिलंय त्यातून मला समजलं ते असं. वय ४१. बेळगावातल्या एका विनाअनुदानित पी.यू., म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात १६ वर्षं अकाउंटन्सी शिकवता, खानापूरहून रोज बसने ये-जा करता. पगार जिथल्या तिथे आहे आणि कॉमर्सचे वर्ग दरवर्षी रिकामे होत चाललेत. पुण्यातल्या एका क्लासने एसएपी फायनान्सचा, म्हणजे मोठ्या कंपन्या वापरतात त्या सॉफ्टवेअरच्या हिशेबाच्या भागाचा, चार महिन्यांचा कोर्स सुचवलाय. फी १ लाख ८० हजार, वर नोकरीची हमी. तुम्हाला कोडिंग येत नाही, इंग्रजी बोलताना अडखळायला होतं, मुलगी नववीत आहे. मार्चमध्ये राजीनामा देऊन हा कोर्स करावा का, असा तुमचा प्रश्न.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात चौदा वर्षं गणित शिकवलं. २०१३ साली, ३९व्या वर्षी, शाळा सोडली. तेव्हापासून कारखान्यांत ईआरपी बसवून देतो, म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांना जोडून देतो. बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्यातल्या फाउंड्र्या (लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आणि मशीनशॉप, निपाणी-चिकोडीकडचे काही व्यापारी, आणि अलीकडे कागल व गोकुळ शिरगावातले दोन-तीन कारखाने, एवढा माझा पसारा. तुमच्यासारखाच मीही राजीनाम्याचा कागद महिनाभर पिशवीत घेऊन फिरलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

वय, कोडिंग आणि इंग्रजी ही तुमची भीती आहे. माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळीच आहे: पहिलं काम तुम्हाला कोण देणार, आणि कशाच्या भरवशावर? ज्याच्याकडे तुम्ही सल्लागार म्हणून जाल तो माणूस आपला अख्खा धंदा तुमच्यापुढे उघडा करणार असतो. तुम्हाला कुठलं बटण कुठे आहे ते ठाऊक आहे, हे सर्टिफिकेटवरून त्याला कळेल. पण तो विचारतो ते असं, की माझ्याकडे रात्रपाळीला फोरमन चिठ्ठी न देता माल उचलतो, त्याचं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं? याचं उत्तर चार महिन्यांच्या कोर्सात नाही. ते एखादा धंदा आतून बघितल्यावरच सुचतं.

एक उदाहरण घेऊ. एका फाउंड्रीने दहा टन स्क्रॅपची ऑर्डर दिली. ट्रक गेटवर आला, वजनकाट्यावर भरलं नऊ टन आठशे किलो. स्टोअरने तेवढ्याच मालाची जमा नोंद केली, ज्याला सगळीकडे जीआरएन म्हणतात. व्यापाऱ्याचं बिल आलं चार दिवसांनी, पूर्ण दहा टनांचं. तोवर त्यातलं निम्मं स्क्रॅप भट्टीत वितळूनसुद्धा गेलं. आता तुम्हीच सांगा, बिल येण्याआधीच्या त्या चार दिवसांत स्क्रॅप खात्याला डेबिट केलं तर क्रेडिट कुणाला करायचं? व्यापाऱ्याच्या खात्याला करावं तर त्याचं बिलच आलेलं नाही. मोठ्या ईआरपीत यासाठी मधलं एक खातं असतं. मी माझ्या शिकवणीत त्याला ‘माल आला, बिल यायचंय’ खातं म्हणतो, एसएपीत त्याचं नाव जीआर-आयआर. माल आला की त्याला क्रेडिट, बिल आलं की डेबिट, आणि दोन्हींत फरक असला की तो तिथे दिसत राहतो. दोनशे किलोंची डेबिट नोट निघेपर्यंत ते खातं मिटत नाही.

हे वाचता वाचताच तुमच्या डोक्यात जर्नल एंट्री उभी राहिली असेल. इंजिनिअरिंग झालेल्या एका हुशार मुलाला हेच समजावताना माझा अर्धा दिवस गेला होता. त्याला स्क्रीन पाठ होती, पण दोन बाजू का जुळायला हव्यात हे मनाला पटत नव्हतं. तुमच्या १६ वर्षांची ही कमाई आहे आणि ती तुम्ही फार कमी लेखताय.

तुमच्याकडे काय नाही तेही सांगतो. तुमच्या पुस्तकात व्यवहार एका ओळीत येतो: ‘माल खरेदी केला, रोखीने’. कारखान्यात तोच व्यवहार सहा माणसांच्या हातांतून जातो आणि त्यांतले दोघे त्या दिवशी रजेवर असतात. स्क्रॅपमध्ये माती आणि गंज निघाला म्हणून दोन टक्के कापायचे, हे खरेदी अधिकाऱ्याने फोनवर ठरवलेलं असतं. ते कागदावर कुठेच नसतं. फाउंड्रीत तर आणखी गंमत. साच्यात ओतलेलं सगळं लोखंड कास्टिंग होत नाही. रनर, रायझर, म्हणजे साच्यात धातू जाण्याच्या वाटांमध्ये घट्ट झालेलं जादा लोखंड, तोडून पुन्हा भट्टीत जातात, रिजेक्ट झालेला नगही पुन्हा भट्टीतच. म्हणजे उत्पादनातून निघालेली वस्तू उलट कच्चा माल होऊन परत येते. तिची किंमत काय धरायची? तुमचं कॉस्टिंगचं पुस्तक याचं उत्तर देतं, पण त्या ढिगाचं वजन कोण करतं आणि खरंच करतं का, हे विचारायला ते पुस्तक तिथे येत नाही.

माझं पहिलं स्वतंत्र काम अशाच एका लहान फाउंड्रीत झालं, आणि तिथे माझी मोठी चूक झाली. १ एप्रिलपासून नवं सॉफ्टवेअर सुरू करायचं होतं. प्रत्येक कास्टिंगचं वजन मी ड्रॉइंगवरून घेऊन भरलं. गणिताचा माणूस, मला ते आकडे निर्विवाद वाटले. प्रत्यक्षात पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून साचा तयार होतो ते नमुने, झिजलेले होते, त्यामुळे प्रत्येक नग ड्रॉइंगपेक्षा दोन-तीनशे ग्रॅम जड निघायचा. उत्पादनाची नोंद नगांवर व्हायची, ग्राहकाला माल किलोवर तोलून जायचा. मे महिन्याच्या मध्यापर्यंत यार्डात कास्टिंग रचलेली आणि स्क्रीनवर साठा उणे. स्टोअरकीपरने आपली जुनी वही पुन्हा बाहेर काढली. मालकाने मला केबिनमध्ये बसवून चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, “सर, माझी वही चुकत नव्हती.”

ते वाक्य मला आजही ऐकू येतं. पुढचा आठवडा मी फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात त्या विभागात, काट्याशेजारी स्टूल टाकून बसलो. एकेका पॅटर्नचे दहा-दहा नग तोलले, सरासरी काढली, सगळी वजनं बदलली. धुळीने डोळे लाल झाले, पण त्या आठवड्यात मला फाउंड्री कळली. त्याच मालकांनी पुढे मला आणखी तीन कारखान्यांत पाठवलं. मला कामं मिळाली ती त्या आठवड्यामुळे, असं मी मनापासून मानतो. म्हणून तुम्हाला सांगतो, सॉफ्टवेअर शिकण्याआधी एक धंदा शिका. एकच, पण गेटपासून बँकेपर्यंत.

आता आपल्या भागाबद्दल, कारण तुम्ही पुण्याकडे बघताय आणि मला वाटतं तुमची पहिली संधी तुमच्या बसच्या वाटेवर आहे. सीमेवर धंदा करणाऱ्याच्या हिशेबात काही गाठी अशा असतात, ज्या राज्याच्या मध्यभागी बसलेल्या सल्लागाराच्या रोजच्या कामात येत नाहीत. कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रातलं कागल बेळगावपेक्षा कितीतरी जवळ. पण निपाणीच्या माणसाने कागलला माल विकला की तो आंतरराज्य व्यवहार, आयजीएसटी हा आंतरराज्य कर लागतो. बेळगावला विकला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वाटा. त्यात ग्राहकाचा एक कारखाना इकडे, एक तिकडे. कंपनी एकच, पण जीएसटी क्रमांक दोन, एक २९ने सुरू होणारा आणि एक २७ने. बिल करणाऱ्या मुलाने यादीतून चुकीचा पत्ता निवडला की कर चुकला, ग्राहकाला भरलेल्या कराची मिळणारी वजावट (क्रेडिट) अडकली आणि पेमेंट थांबलं.

जॉबवर्कचं, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्याचं, तर विचारूच नका. उद्यमबागेत ओतलेलं कास्टिंग मशीनिंगला महाराष्ट्रातल्या शिरोलीला जातं. ती विक्री नव्हे, चलनावर जाणारा माल. पण राज्य ओलांडतं म्हणून किंमत ५० हजारांच्या आत असली तरी ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याची ऑनलाइन नोंद, लागतंच. आणि तो माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच विक्री झाली असं कायदा धरतो. कुठलं चलन किती दिवसांपासून बाहेर आहे हे रोज सकाळी दाखवणारी एक साधी यादी मी एका कारखान्यात करून दिली. फार हुशारीचं काम नव्हतं ते, पण मालक अजून त्याच यादीचं नाव काढतात.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा माझ्यासारख्यांना पहिल्यांदा भरपूर काम मिळालं. दुसरी लाट ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद करण्याची. २०२० च्या ऑक्टोबरात ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली, मर्यादा खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली, आणि उद्यमबागेतले कितीतरी छोटे कारखाने त्यात आले. त्या दिवसांत मला आलेले बहुतेक फोन ‘सॉफ्टवेअर विका’ म्हणून नव्हते. ‘हे काय आहे ते आमच्या मुलाला जरा समजावून सांगा’ म्हणून होते. शांतपणे समजावून सांगणारा माणूस हवा असतो मॅडम, आणि तेच तर तुम्ही रोज करता.

भाषेचंही तसंच. बेळगाव म्हटलं की भाषेचा वाद लोकांना आधी आठवतो, पण कारखान्यातली भाषा बघा. स्टोअरमधला येळ्ळूरचा मुलगा मराठी बोलतो, अकाउंट्समधली बैलहोंगलची मुलगी कन्नड, मोल्डिंगवरचे कामगार हिंदी, आणि बेंगळुरूहून आलेला ऑडिटर इंग्रजी. एकच गोष्ट चौघांना चार भाषांत सांगता येणारा माणूस तिथे सोन्याच्या मोलाचा. तुमचं कन्नड मोडकंतोडकं असलं तरी चालेल, लोक सांभाळून घेतात.

इंग्रजीबद्दल तुमची काळजी मी समजू शकतो, माझं शिक्षणही सातवीपर्यंत पूर्ण मराठीतून. या कामात बोलण्यापेक्षा लिहिण्याला जास्त महत्त्व आहे. बैठक झाली की त्याच संध्याकाळी काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत, हे दहा सोप्या वाक्यांत लिहून सगळ्यांना पाठवायचं. बऱ्याच सल्लागारांना हेच जमत नाही आणि त्यातूनच पुढे भांडणं होतात. तुम्ही १६ वर्षं प्रश्नपत्रिका काढल्यात. दोन अर्थ निघणार नाहीत असं वाक्य लिहिणं तुम्हाला जमतं.

कोडिंगचं थोडक्यात सांगतो. या क्षेत्रात कामाचे दोन भाग पडतात. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे, आणि धंद्याची गरज समजून सॉफ्टवेअर त्याप्रमाणे बसवणारे, तपासणारे, शिकवणारे वेगळे. यांना फंक्शनल म्हणतात, तुम्ही त्यांतल्या. पण एक्सेल मात्र पक्कं हवं: व्हीलुकअप, पिव्होट, आठ हजार ओळींच्या यादीतून एकच माल तीन नावांनी भरलेला शोधून काढणं. जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात माहिती आणताना निम्मा वेळ यातच जातो. पुढे जमलं तर एसक्यूएलचे (माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारण्याच्या भाषेचे) चार प्रश्न विचारता येण्याएवढं शिका. एवढं पुरे.

शिक्षकी अनुभव या कामात उपयोगी पडतो असं सगळेच सांगतात. तो कुठे आड येतो ते माझ्याकडून ऐका. माझ्या पहिल्या ट्रेनिंगला मी बावीस माणसांना कॅन्टीनमध्ये बसवून, प्रोजेक्टर लावून, तीन तास उत्तम शिकवलं. फळ्यावर आकृत्या काढल्या, शेवटी शंका विचारल्या, कुणालाच शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला आणि एकालाही जीआरएन करता येईना. वर्गात मुलाचं चुकलं तर गुण जातात, पुढच्या परीक्षेत भरून निघतात. इथे चुकलं तर गाडी गेटवर अडते आणि ड्रायव्हर शिव्या देतो. तेव्हापासून मी घोळक्याला शिकवणं सोडलं. ज्याचं काम त्याच्या शेजारी बसायचं, माऊस त्याच्याच हातात ठेवायचा, आणि त्याच्या समोरचा खरा कागद घेऊन तीन नोंदी त्याच्याकडूनच करून घ्यायच्या. मधे बोलायचं नाही. हे ‘मधे बोलायचं नाही’ मला दोन वर्षांनी जमलं.

आणखी एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगतो. एका कारखान्यात खरेदी विभागाचा प्रमुख माझाच विद्यार्थी निघाला, दहावीला माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. मी स्टोअरच्या खिडकीशी हातात यादी घेऊन उभा, तो मागून आला आणि म्हणाला, “सर, तुम्ही हिथं काय करूलालाय?” त्याच्या आवाजात आश्चर्य होतं, थोडी काळजी होती, आणि मला क्षणभर जमीन दुभंगावी असं वाटलं. त्या दिवसापासून कामापुरता तो माझा वरिष्ठ होता. मी केलेल्या चुका त्याने मेलवर, सगळ्यांना प्रत लावून दाखवल्या, आणि बरोबर केलं त्याने. आजही तो मला सरच म्हणतो. तुम्ही बेळगावात काम करणार म्हणजे तुमचे विद्यार्थी तुम्हाला अकाउंट्सच्या प्रत्येक टेबलावर भेटणार. ते तुमचा मोठा आधार होतील, पण आधी तुम्हाला त्यांच्याकडून शिकावं लागेल. हे झेपेल का, याचं उत्तर राजीनाम्याआधी स्वतःला द्या.

आता त्या कोर्सबद्दल. एसएपी वाईट नाही. जगभरच्या मोठ्या कंपन्या ते वापरतात, आणि त्याच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा, मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय म्हणून अनेक कंपन्या नव्या एस/४हानावर जाताहेत. त्यामुळे काम आहे. पण त्या कामात आधी घेतात ते ज्यांनी एखादा प्रकल्प पार पाडलाय त्यांना. चाळिशीतला नवखा माणूस केवळ कोर्सवर तिथे शिरणं अवघड असतं, आणि नेमकी हीच फट बघून ‘हमी’ विकली जाते. क्लासला तीन गोष्टी लेखी विचारा: हमी म्हणजे नोकरी की नुसता इंटरव्ह्यू, नोकरी नाही मिळाली तर फी परत मिळणार का, आणि सरावासाठी देणार तो सर्व्हर अधिकृत आहे का. आणि त्यांनी जर बायोडेटात तीन वर्षांचा खोटा अनुभव घालायला सांगितलं, तर त्या क्षणी उठून या. असं सांगणारे क्लास आहेत. कंपन्या पीएफच्या नोंदींवरून मागची नोकरी तपासतात, आणि एकदा पकडलं गेलं की बाकीची दारंही बंद होतात. पकडलं जाणार नसलं तरी करू नका. ज्या कामात दुसऱ्याचा हिशेब आपल्या हातात असतो तिथे सुरुवातच खोट्याने करायची नाही.

सराव करायला १ लाख ८० हजार लागत नाहीत. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपी सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, म्हणजे फुकट वापरता येतं, स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवता येतं. ओडू या दुसऱ्या ईआरपीचीही मोफत आवृत्ती आहे. टॅली तुम्हाला येतच असेल; लायसन्स नसेल तर एज्युकेशनल मोडमध्ये महिन्याच्या ठरावीक दोन-तीन तारखांनाच नोंदी होतात, पण शिकायला तेवढं पुरतं. ईआरपीनेक्स्टमध्ये एक काल्पनिक फाउंड्री उभी करा. तिचे व्यापारी, ग्राहक, माल भरा, वर सांगितलेला स्क्रॅपचा ट्रक त्यात आणा, एक चलन शिरोलीला पाठवून परत आणा. अडकाल तिथे थांबून अडचण लिहून ठेवा. एकदा मधलं खातं, चलन, जीआरएन या कल्पना पक्क्या झाल्या की एसएपी असो की दुसरं काही, नावं बदलतात, मूळ तेच राहतं. मग पैसे भरून एसएपी शिकायचं ठरलं तर त्या पैशांचं चीज होईल.

पैशांचं खरं खरं सांगतो. पहिल्या वर्षी माझी महिन्याची सरासरी मिळकत शाळेच्या पगाराच्या निम्म्याहून थोडी कमी होती. तिसऱ्या वर्षी बरोबरी झाली. बायको नोकरीत होती म्हणून घर तरलं. तुमच्या घरी दुसरी मिळकत किती भरवशाची, कर्ज किती, मुलीच्या दहावी-पी.यू.चा खर्च किती, यावर सगळं अवलंबून आहे आणि ते तुम्हीच मांडू शकता. माझ्यापुरता नियम असा होता: बारा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडायची नाही, आणि कोर्सची फी त्या पैशांतून द्यायची नाही.

सोडताना हक्काचं सोडू नका. खासगी संस्थांतल्या शिक्षकांनाही ग्रॅच्युइटी आहे. संस्थांनी त्याला आव्हान दिलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा पगार, १६ वर्षांची म्हणजे लहान रक्कम नव्हे. पीएफ कापला जात असेल तर पेन्शनच्या खात्यात दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे तुम्हाला पुढे पेन्शनचा हक्क आहे, त्यासाठी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे त्या सेवेचा दाखला, घ्या आणि पीएफ मधेच काढून खर्च करू नका. हे वाचणारं कुणी अनुदानित किंवा सरकारी शाळेत असेल तर त्यांचं गणित पूर्ण वेगळं. तिथे राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सही करण्याआधी सेवा नियम माहीत असलेल्या माणसाकडे बसा.

बाई म्हणून काही गोष्टी वेगळ्या पडतात, त्या माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मॅडमनी मला शिकवल्या. नवीन सॉफ्टवेअर सुरू होण्याच्या आठवड्यात रात्रीचे नऊ-दहा वाजतात. खानापूरची शेवटची गाडी चुकू शकते, म्हणून त्या आठवड्यापुरती शहरात राहायची सोय आधी बघा. लहान कारखान्यांत बायकांसाठी स्वच्छतागृह नीट असतंच असं नाही. काम घेण्याआधी ते सरळ विचारायचं, संकोच करायचा नाही. त्या मॅडम विचारतात, आणि एका मालकाने त्यानंतर ते बांधून घेतलं. सुरुवातीचे पंधरा दिवस जागेवर गेल्यावर पुढचं बरंचसं काम घरून फोनवर आणि रिमोटने होतं, हीही एक सोय.

तर मार्चमध्ये राजीनामा देऊ नका, असं माझं स्पष्ट मत. मार्च-एप्रिल हे हिशेबाच्या जगातले सगळ्यात धावपळीचे महिने. तेव्हा नवख्याला शिकवायला कुणाला वेळ नसतो, पण फुकट हाताची गरज मात्र प्रत्येकाला असते. तुमची पेपर तपासणी संपली की ओळखीच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात महिनाभर जा. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) आणि २० तारखेला थ्री-बी (कर भरण्याचं विवरणपत्र) भरताना तिथे काय उडते ती धांदल बघा. कुठल्या कारखान्याची माहिती वेळेवर आणि बरोबर येते, कुणाची येत नाही, हे तुम्हाला आपोआप कळेल. ज्यांची येत नाही ते तुमचे उद्याचे ग्राहक. त्यानंतर एखाद्या मध्यम कारखान्यात ईआरपी को-ऑर्डिनेटर किंवा अकाउंट्समध्ये जागा मिळाली तर ती सल्लागार होण्याआधीची उत्तम पायरी, पगार थोडा कमी असला तरी. ते पत्र हातात आलं की मग राजीनामा.

पण त्यासाठीही एप्रिलची वाट बघायची गरज नाही. तुमची बस रोज मच्छे आणि उद्यमबागेवरून जाते. तुमचा एखादा जुना विद्यार्थी तिथल्या कुठल्यातरी अकाउंट्समध्ये नक्की असेल. एका शनिवारी अर्ध्या दिवसाचं कॉलेज सुटलं की उद्यमबागेत उतरा, त्याला सांगून स्टोअरच्या खिडकीशी तासभर बसा, आणि आलेल्या एकाच मालाचा माग काढा: गाडी गेटवर आल्यापासून व्यापाऱ्याच्या बँकेत पैसे जाईपर्यंत तो कागद कुणाकुणाच्या हातांतून जातो, कुठे थांबतो, कुठे दोनदा लिहिला जातो. हे सगळं मराठीत, हाताने, एका पानावर लिहा. ते पान मला दाखवा. कोर्स कुठला करायचा ते त्यावरून ठरवू.